चाळणीवर उरलेलं

त्या महिन्यात भट्टी चौथ्यांदा बंद पडली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बाई प्रयोगशाळेत कोळशाची चिमूटभर पूड तोलत होत्या. सिमेंटच्या कारखान्यात भट्टी फिरत असली की पायाखालची जमीन बारीक थरथरत राहते. रोजच्या माणसाला ती थरथर कळत नाही. थांबली की मात्र सगळे एकदम माना वर करतात. बाईंनीही केली. वजनकाट्यावरचा शेवटचा आकडा, जो एरवी कधी एका जागी ठरत नसे, तो शहाण्यासारखा उभा होता.

अर्ध्या तासानं भोंगा वाजला. तो रुग्णवाहिकेचा होता.

भट्टीच्या एका टोकाला सात मजली मनोरा होता. दगडाची पूड त्याच्या माथ्यावरून सोडत. एकाखाली एक लावलेल्या, खोलीएवढ्या लोखंडी नरसाळ्यांतून ती तापत तापत खाली येई आणि शेवटच्या नरसाळ्यातून भट्टीत पडे. पूड तापवण्यासाठी मनोऱ्याच्या पोटातच इंधन जाळत. इंधन म्हणजे कोळसा, आणि त्यात मिसळलेला पेटकोक. खनिज तेलातून जे जे काढण्यासारखं असतं ते काढून घेतल्यावर तळाशी जो काळा दगड उरतो, तो पेटकोक. दोन्ही एकाच गिरणीत दळून, वाऱ्याच्या झोतानं आत फुंकत. तिथे त्या पुडीला जळायला मिळत अवघे तीन-चार सेकंद. तेवढ्यात जळून गेली तर ठीक. नाही जळली, तर जळती पूड खालच्या नरसाळ्यात उतरे, तिथला माल चिकट होई, भिंतींना थर धरे आणि नरसाळं तुंबे.

तुंबलेलं नरसाळं माणसानं मोकळं करायचं असतं. भोकातून लांब नळी आत घालून हवेच्या दाबानं थर फोडायचा. त्या दिवशी हे काम शिडीकडे होतं. शिडी हे त्याचं कारखान्यातलं नाव. इतका उंच की दिवे बदलायला त्याला शिडी लागत नसे. थर फुटला, पण वरचा अख्खा ढीग एका दमात खाली आला आणि आठशे अंशांची पूड भोकातून पाण्यासारखी बाहेर उसळली. अंगावर जाड कोट होता, तोंडावर काच होती. उजव्या हातमोज्याची कड मात्र वर सरकलेली होती. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला, आणि कानाखालची मान.

त्या वेळी नियंत्रण कक्षात पॅनेलवर बाईंचा धाकटा भाऊ होता. पिकायला लागलेली मिशी, दोन मुलांचा बाप. पण बाई त्याला अजून छोट्याच म्हणत आणि म्हणून अख्खा कारखाना त्याला छोट्याच म्हणे. मोठे साहेबसुद्धा. ते फार चिडले तरच त्याला कागदावरच्या नावानं हाक मारत. त्या दिवशी त्यांनी कागदावरच्या नावानं मारली.

चौकशी तीन दिवसांत आटोपली. फलकावर कागद लागला: मनोऱ्यातल्या अर्धवट जळणाच्या वायूचा आकडा वाढत असताना पॅनेलवरच्या माणसानं इंधन कमी केलं नाही, हा निष्काळजीपणा आहे. छोट्याला पॅनेलवरून काढून गोदामात पाठवलं. नटबोल्ट मोजायला.

घरी तो बोलेना. घर एकच होतं. खाली भाऊ-भावजय आणि मुलं, वर बाई. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर त्या म्हणत, "करायचं होतं, राहून गेलं, आता दुकान बंद." भावजय स्वभावानं तिखट. त्या संध्याकाळी ती जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली.

"वन्सं, तुमचा भाऊ तोंडाला कुलूप लावून बसलाय. वीस दिवसांत चार वेळा ते नरसाळं तुंबलं. चारही वेळा पॅनेलवर हेच होते का?"

"नाही. दोनदा दुसरे होते."

"मग खापर यांच्याच डोक्यावर का?"

"कारण या वेळी माणूस भाजला."

"माणूस भाजला म्हणून कोणाला तरी धरायचं? की खरं काय ते शोधायचं? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

भावजय उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली, आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई दवाखान्यात गेल्या. शिडीचे पाय पलंगाच्या बाहेर आले होते. त्यांच्याखाली कोणीतरी स्टूल लावलं होतं. बायको उशाशी बसून त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. बाईंनी विचारलं, "बोलवेल का?" त्यानं मान हलवली.

"भोक उघडलंस तेव्हा आत काय दिसलं?"

"लाल."

"नुसतं लाल?"

त्यानं डोळे मिटले. आठवणं त्याला सोपं नव्हतं हे बाईंना दिसत होतं, तरी त्या थांबून राहिल्या.

"पूड लाल असतेच, बाई," तो हळूहळू म्हणाला. "पण या वेळी तिच्यात पांढरे ठिपके होते. लुकलुकत होते. काजव्यांसारखे. मी बरोबरच्याला म्हटलंसुद्धा, हे काय रे आत जिवंत आहे? मागच्या खेपेलाही होते. तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

"चौकशीत हे सांगितलंस?"

"मला कोणी विचारायलाच आलं नाही."

खालच्या नरसाळ्यात ठिणग्या असता कामा नयेत. तिथे पोचेपर्यंत इंधन संपलेलं असायला हवं. बाई बसनं परत येताना खिडकीबाहेर बघत होत्या, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. तीन-चार सेकंदांत जळत नाही असं काहीतरी त्या पुडीत होतं, आणि त्या पुडीचा रोजचा अहवाल बाईंच्या सहीनं जात होता.

सोमवारी त्यांनी गिरणीतून निघालेल्या इंधनाचा नमुना घेतला आणि नेहमीसारखा बारीक चाळणीवर धुतला. शंभर भागांतले चौदा भाग चाळणीवर उरले. मर्यादा पंधराची. म्हणजे ठीक. गेले वीस दिवस हा आकडा चौदाच्या आसपास होता आणि बाई रोज त्याच्यासमोर 'योग्य' लिहीत होत्या. एरवी त्यांनी उरलेलं झटकून टाकलं असतं. त्या दिवशी वाळवून ठेवलं.

चौदा भाग उरले खरे, पण कोणाचे? मिश्रणात साठ भाग कोळसा आणि चाळीस भाग पेटकोक. दोन्ही काळे. दळल्यावर डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पण जाळले तर येतात: त्या कोळशात तीस टक्के राख होती, पेटकोकमध्ये जवळजवळ नाहीच. बाईंनी चाळणीवरचं ते उरलेलं एका बशीत पसरून प्रयोगशाळेतल्या छोट्या विजेच्या भट्टीत ठेवलं आणि खुर्ची ओढून समोरच बसल्या.

शेजारच्या बशीत नेहमीचं मिश्रण होतं. तासाभरात त्याची करडी राख झाली. चाळणीवरचं मात्र काळंच. दीड तासानं कडा उजळल्या, मध्ये तसंच काळं. अडीच तासांनी संपलं एकदाचं, आणि बशीच्या तळाशी राख उरली ती नखावर मावेल एवढी. शंभरात पाच.

हिशेब सोपा होता, कागदाच्या कोपऱ्यावर मावला. चाळणीवर उरलेल्या दर शंभर भागांत पंच्याऐंशी भाग पेटकोक होता. गिरणी मऊ कोळशाचं पीठ करत होती आणि कडक पेटकोक तसाच जाडाभरडा पुढे ढकलत होती. दोघांची सरासरी काढली की आकडा चौदा. पेटकोक मुळातच उशिरा पेट घेतो, कारण आग धरायला लागणारा वायू त्याच्यात कमी असतो. त्याला कोळशापेक्षा कितीतरी बारीक दळावं लागतं. इथे त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रव्यासारखा जात होता. वर आधी पेटलेला कोळसा हवा खाऊन टाकणार, आणि हे दाणे मागाहून धुमसत खाली उतरणार.

पण गेल्या वर्षभर पेटकोक चालतच होता. मग गेल्या वीस दिवसांत असं काय झालं? बाईंनी कपाटातून नव्या मालाच्या नमुन्याचा डबा काढला. आलेल्या प्रत्येक मालाचा थोडा नमुना न दळता राखून ठेवायचा नियम होता. डबा पांढऱ्या कागदावर ओतला तर दाणे घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेले. गोल होते. बंदुकीच्या छऱ्यांसारखे, गुळगुळीत. आधीचा पेटकोक असायचा स्पंजासारखा भोकाभोकांचा, बोटानं चुरणारा. हा बत्त्यानंही फुटेना.

आता त्यांनी त्या मालाचा अहवाल काढला. राख उत्तम. ओलावा उत्तम. उष्णता तर फारच उत्तम. आणि कडकपणाच्या रकान्यात एक छान, मऊ मालाचा आकडा. तो आकडा बाईंनी मोजलेलाच नव्हता. कडकपणा मोजायचं यंत्र दोन महिने बंद होतं, म्हणून त्यांनी तो पुरवठादाराच्या कागदावरून उतरवून घेतला होता. खाली शेरा: 'वापरण्यास योग्य.' खाली सही. स्वच्छ, वळणदार, पूर्ण नावाची.

त्या बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या. कोणी फसवलं नव्हतं, कोणी दबाव आणला नव्हता. रकाना रिकामा दिसू नये एवढ्यासाठी त्यांनी तो भरला होता. पंधराची मर्यादासुद्धा त्यांनीच ठरवलेली, पेटकोक शंभरात दहा भाग असतानाची. दहाचे चाळीस झाले तरी मर्यादा बदलायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

अहवाल फाडता आला असता. डब्यातले दाणे बदलता आले असते. हे विचार आले, नाही असं नाही. बाईंनी अहवालाच्या दोन प्रती काढल्या, एक पर्समध्ये ठेवली आणि एक कुलपात.

घरी छोट्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. भावजयीनं मुलांना बाहेर पाठवलं.

"म्हणजे ताई, तू हे वर नेलंस तर तू अडकणार," छोट्या म्हणाला.

"अडकेन."

"नको नेऊस. मी गोदामात बरा आहे. नटबोल्ट बोलत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत."

"मस्करी पुरे."

"मस्करी नाही." त्यानं मिशी चावली. ही त्याची शाळेपासूनची सवय. तेव्हा मिशी नव्हती, ओठ चावायचा. "चौकशीत जे लिहिलंय ते सगळंच खोटं नाही. आकडा चढत होता. मी बघत होतो. इंधन तोडलं तर भट्टी थंड पडते, मग वरून बोलणी. म्हटलं, उतरेल. सात मिनिटं वाट बघितली, ताई. सात मिनिटं मोजलीत मी. नंतर."

बाई म्हणाल्या, "ती सात मिनिटं तुझी. तू त्यांचं उत्तर दे. आधीचे वीस दिवस माझे आहेत. त्यांचं मी देते."

"ऐकणार नाहीस ना?"

"नाही."

"लहानपणापासून अशीच," तो बायकोकडे वळून म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याच्या आवाजात जरा जीव आला.

वर जाण्याआधी बाईंना एक माणूस बरोबर हवा होता, आणि तो सगळ्यात अवघड होता. गिरणीचे मिस्त्री. साठीला टेकलेले, कानानं थोडे कमी. पण गिरणीतला दळायचा एक लोखंडी गोळा झिजला तरी त्यांना आवाजावरून कळे म्हणतात. आपल्या गिरणीला कोणी नाव ठेवलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि काही न सांगता समोर तीन बशा ठेवल्या.

"पहिल्या बशीत कोळसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीत एकच नवा पेटकोक. दुसऱ्या बशीतला तुमच्या गिरणीतून येतो तेवढा जाडा, तिसऱ्या बशीतला मी खलबत्त्यात हात दुखेपर्यंत कुटलेला. बघा."

"बघतो. पण गिरणीला दोष देणार असाल तर मी उठतो."

"गिरणीचा दोष नाही. चुकीचा आकडा मी दिला होता तुम्हाला."

मिस्त्री उठायला निघाले होते, ते पुन्हा बसले. तीस वर्षांत वरच्या मजल्यावरच्या कोणी त्यांच्याशी असं वाक्य बोललं नव्हतं.

कोळसा आधी गेला. मग कुटलेला पेटकोक. जाडा पेटकोक मात्र लाल होऊन बसून राहिला, मिस्त्रींचा चहा संपला तरी. बाईंनी बशी बाहेर काढली तेव्हा त्यातले दाणे हवेतही लुकलुकत होते. मिस्त्रींनी चष्मा वर केला, खाली केला.

"ही बशी आहे, मनोरा नाही, हे मला कळतं," बाई म्हणाल्या. "पण क्रम हाच असणार."

"शिडी म्हणत होता ते हेच?" मिस्त्रींनी विचारलं. तेही दवाखान्यात जाऊन आले होते.

"हेच."

"पेटकोक एकटा दळावा लागेल. कोळशाबरोबर टाकलात तर तो निसटणारच. एकटा दळला तर देतो तुम्हाला मैद्यासारखा. पण गिरणी निम्म्यावर येईल, आणि वरचे माझी सालटी काढतील."

"आधी माझी काढतील. तुमचा नंबर येईपर्यंत दमलेले असतील."

मिस्त्री हसले. एवढं पाहायला प्रयोगशाळेतल्या दोन खुर्च्या वळल्या.

बैठकीत मोठे साहेब होते, खरेदीचे अधिकारी होते, सुरक्षेचे होते, आणि बाईंच्या शेजारी मिस्त्री. बाईंनी आधी तो अहवाल टेबलावर ठेवला.

"हा नव्या पेटकोकचा अहवाल. सही माझी आहे. यातला कडकपणाचा आकडा मी मोजलेला नाही, पुरवठादाराच्या कागदावरून उतरवलाय. तो चुकीचा आहे. आणि मिश्रणाची चाळणीची मर्यादा मीच ठरवली, तीही चुकीची आहे."

मग त्यांनी राखेचे आकडे सांगितले, बशांचं सांगितलं आणि गोल दाणे कागदावर ओतून दाखवले. एक घरंगळत खरेदीच्या अधिकाऱ्यांच्या मांडीवर गेला.

"कागदावर तर माल तोच होता," ते म्हणाले.

"कागदावर होता," बाई म्हणाल्या. "मीही कागदच वाचला."

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्ही त्याच्या बहीण. भावाला सोडवायला हे सगळं रचलंय असं कोणी म्हटलं तर?"

"म्हणणारच. म्हणून माझ्या शब्दावर काही मानू नका. आठ दिवस द्या. पेटकोक वेगळा दळायचा, कोळसा वेगळा, आणि मिसळायचे दळून झाल्यावर. पेटकोकचे चाळणीवर शंभरात चारच्या वर उरता कामा नयेत. पॅनेलवर छोट्या नको. ज्याला ठेवायचं त्याला ठेवा. चाळणी मी हलवणार नाही, मिस्त्री हलवतील. मी फक्त उभी राहीन."

"आणि आठ दिवसांत नरसाळं तुंबलं तर?"

"तर माझं चुकलं, आणि अहवाल तर तुमच्या हातात आहेच."

मोठ्या साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींना सगळं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, पण ते म्हणाले, "मी दळतो."

पहिला दिवस बरा गेला. भट्टी कमी वेगानं चालवावी लागत होती, कारण इंधनच कमी येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मनोऱ्यातल्या वायूचा आकडा सरळ वर चढला. पॅनेलवरच्या माणसानं लगेच इंधन तोडलं. दहा मिनिटांत मोठे साहेब नियंत्रण कक्षात हजर.

"बाई?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. पेटकोक बारीक होता, सकाळीच मिस्त्रींनी चाळला होता, शंभरात साडेतीन. मग हे काय?

"एक तास द्या," त्या म्हणाल्या आणि धावत सुटल्या. पंचावन्न वर्षांच्या बाई लोखंडी जिन्यावरून धावताना कारखान्यानं पहिल्यांदा पाहिल्या. त्यांनी गिरणीतला नमुना घेतला नाही; थेट मनोऱ्याच्या तोंडाशी, जिथून पूड आत फुंकली जाते, तिथून घेतला. मिस्त्री धापा टाकत मागून आले, त्यांनी तिथेच पाण्याच्या नळाखाली चाळणी धरली.

चाळणीवर जाड काळा थर. मिस्त्रींनी बोटानं चोळून बघितला. "हा माझा नाही. हा जुना आहे. दळलेलं इंधन साठवायच्या टाकीच्या कडांना चिकटून बसलेला असणार, पातळी खाली गेल्यावर घसरला."

टाकी खरोखर तळाशी आली होती. मोठे साहेब म्हणाले, "गिरणीचा वेग वाढवा, टाकी भरा, म्हणजे घसरणार नाही."

यावर मिस्त्री जे बोलले ते पुढे बरेच दिवस कारखान्यात फिरत होतं. "वाढवतो, साहेब. पण वेगात दळलं की जाडं येतं; मग हे आठ दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, आणि तेव्हा मी सुट्टीवर असेन."

वेग वाढला नाही. टाकी बाहेरून हातोड्यानं ठोकून ठोकून रिकामी केली, जुना माल बाहेर काढला, आणि बाईंनी दिवस पुन्हा पहिला धरला, स्वतःहून. मोठ्या साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं. छोट्याला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. "ताई, तुला दिलेले दोन दिवस तू परत केलेस?"

"उद्या कोणी म्हणायला नको."

मग आठ दिवस. रोज सकाळी मिस्त्री चाळणी हलवत, पाण्याची धार सोडत, वाळवत, तोलत, आणि बाई हात मागे बांधून बघत. तीन पूर्णांक आठ. तीन पूर्णांक चार. एकदा चार पूर्णांक एक आले. मिस्त्रींनी ती खेप परत गिरणीत टाकली आणि कोणाला सांगितलं नाही, बाईंनीच वहीत लिहिलं. रोज खालच्या नरसाळ्यातला माल तपासला. न जळलेलं काही मिळालं नाही. भोक उघडून बघणारे म्हणाले, आत नुसतं लाल आहे. वायूचा आकडा खाली राहिला. आठव्या दिवशी मोठे साहेब स्वतः मनोऱ्यावर चढून भोकातून बघून आले. खाली उतरल्यावर काजळी लागलेल्या चेहऱ्यानं एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

फलकावरचा जुना कागद निघाला. नवा लागला त्यात कारण इंधन असं लिहिलं होतं. छोट्या पॅनेलवर परत गेला. सात मिनिटांसाठी त्याला लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यानं घरी आणून, वाचून, नीट घडी करून ठेवली. दर नव्या मालाचा कडकपणा इथेच मोजायचा, यंत्र बंद असेल तर माल उतरवायचाच नाही, असा नियम झाला. बाईंना पत्र मिळालं. एक वर्ष त्यांची सही चालणार नव्हती. त्या तपासतील, सही दुसरा करील. बावीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय एकही अहवाल गेला नव्हता. त्यांनी पत्र घेतलं, पोच म्हणून खाली सही केली, आणि तेवढ्यातही त्यांना वाटून गेलं की ही आता वर्षभरातली शेवटची.

एक काम राहिलं होतं. ते कोणी सांगितलं नव्हतं.

शिडी घरी आला होता. दोन खोल्या, दाराशी सायकल. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी प्रस्तावना न करता सांगितलं. आकडा मोजला नव्हता, उतरवला होता. मोजला असता तर तो माल भट्टीत गेला नसता.

शिडीनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला होता. त्यानं तो जरा उचलला आणि परत ठेवला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात होती.

"आज जा, बाई," तो म्हणाला. "आज मला तुमच्याशी बोलायचं नाही."

बाई उठल्या. आठवड्यानं पुन्हा गेल्या. बायकोनं दारातूनच सांगितलं, झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "बरं, पुढच्या रविवारी येते." पुढच्या रविवारी गेल्या. त्या दिवशी पाऊण तास बाहेर उभ्या राहिल्या, मग बायकोनं स्टूल बाहेर आणून दिलं, आणि अजून थोड्या वेळानं चहा. शिडी बाहेर आला. चौकटीखालून वाकून यावं लागे त्याला.

"तुम्ही रोज येणार आहात का?"

"रविवारी. बाकी दिवस काम असतं."

"मला वर चढू देणार नाहीत आता. हात पूर्ण वळत नाही, डॉक्टर म्हणतात यापुढे इतकाच." त्यानं हात वळवून दाखवला, जितका वळत होता तितका. "गेटावर बसवतो म्हणतात. गेटावर बसून मी काय करू? येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार?"

"मला गेटावरच माणूस हवाय," बाई म्हणाल्या. "प्रत्येक गाडीतून नमुना घ्यायला. कागद न वाचता. माल हातात घेऊन, फोडून बघून. गाडीवाले ओरडतात, घाई करतात. जो हलणार नाही असा माणूस हवा. काम शिकवीन मी. पण माझ्या हाताखाली असेल. ते तुला चालेल का, हे तू ठरव."

रस्त्यावरून एक पाण्याची गाडी गेली.

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका," तो म्हणाला.

"नाही समजत."

"विचार करतो."

दहा दिवसांनी सोमवारी, सकाळी सातच्या पाळीला, पेटकोकची पहिली गाडी गेटाशी आली तेव्हा शिडी तिच्या मागच्या फळीपाशी उभा होता. ड्रायव्हर कागद पुढे करत म्हणाला, सगळं लिहिलंय यात. शिडीनं कागद घेतला, न वाचता खिशात घातला आणि डाव्या हातानं फावडं उचललं.